आईचा देश, बापाची जर्सी

"मामा अजून बोलत नाही का गं?" बूट बांधता बांधता त्याने फोनवर आईला विचारलं.

"नाही. तू आपला खेळ," आई म्हणाली. "इथे स्टेडियममध्ये शेजारी बसेल त्याला तुझे बाबा सांगतायत, पोरगा माझा आहे म्हणून. जसं काही मी वाटेत भेटले होते."

त्याला सगळे पाहुणा म्हणत. बापाच्या देशात तो आईसारखा दिसे आणि आईच्या देशात बापासारखा बोले, त्यामुळे हे नाव दोन्हीकडे चालून गेलं. क्लबकडून गोल मारता मारता कानशिलावरचे केस पिकायला लागले, तरी एकाही देशाला त्याची आठवण झाली नव्हती. यंदा मात्र एकदम दोघांनाही झाली. आधी आईच्या देशातल्या पेपरांत आलं, की तिथला कोच याच्यासाठी वेडा झालाय. दुसऱ्याच दिवशी बापाच्या देशाच्या कोचचा फोन. "आता उशीर करू नकोस, पोरा." केस पिकलेल्या माणसाला पोरा म्हटल्यावर तो काय नाही म्हणणार?

नियम साधा होता. एका देशाकडून स्पर्धेचा सामना खेळलं, की दुसऱ्याचं दार कायमचं बंद.

आईच्या देशातल्या मामाने आकाशपाताळ एक केलं. त्याचं सलून होतं आणि गिऱ्हाइकं बरीचशी पेपरांत बातम्या लिहिणारी, त्यामुळे त्याला सगळं आधी कळे. "आमचा कोच तुझ्यावर डोळा ठेवून बसलाय, आणि तू तिकडे चाललास? आजपासून मी तुझा कुणी नाही." म्हणाला आणि फोन उचलेनासा झाला.

बापाच्या देशाने सामना कधीच खिशात घातला होता. शेवटची काही मिनिटं उरली, तेव्हा कोचने बाकाकडे बोट केलं. "पाहुण्या, ऊठ."

मैदानात पाय ठेवला आणि त्याचे कान बधिर झाले. एवढा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. पहिलाच पास पायात आला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला खांद्याने सारलं आणि सगळा जीव पायात आणून चेंडू हाणला. चेंडू खांबावर आपटला. वर बाबा खुर्चीवर उभे राहून नाचत होते आणि आई त्यांना सदऱ्याला धरून खाली ओढत होती.

शिट्टी वाजली. कोचने मागे वळून मॅनेजरला विचारलं, "नोंद झाली ना?"

"झाली."

"सुटलो." कोचने त्याच्याशी हात मिळवला. "पुढच्या महिन्यात तुझ्या आईच्या देशाशी गाठ आहे. तू त्यांच्याकडून उतरतोस की काय, म्हणून झोप लागत नव्हती."

"मग त्या सामन्यात मी..."

"घरी बस आरामात. टीव्हीवर बघ."

बोगद्यात भिंतीला टेकून त्याने मामाला फोन लावला. या वेळी तो लगेच उचलला गेला.

"मामा, तुझंच खरं होतं. यांना मी नकोच होतो रे. तुमच्याकडे जायला नको, एवढंच हवं होतं. तुमच्या कोचला सांग, माझं चुकलं."

"बघितलं मी सगळं," मामा म्हणाला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. "खांब मध्ये आला, नाहीतर गोलच होता. लेका, देशाकडून खेळलास तू. आणि आमच्या कोचचं म्हणशील, तर त्याने तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं, ते मी पेपरात छापून आणल्यावर."