वाफसा

सिनेमासाठी खरंखुरं विमान चाकं न उघडता जळकोटच्या मुक्ताबाईंच्या काळ्या रानात पोटावर उतरवायचं होतं. परवाच अवकाळी बरसलेला. “ओल्या मातीत नाक रुतलं तर पालथी होशील, पोरी,” मुक्ताबाई वैमानिक मुलीला म्हणाल्या. दिग्दर्शक वैतागला, “मावशी, ओल मोजायचं यंत्र सांगतंय, रान सुकलंय!” मुक्ताबाईंनी वीतभर खालची माती काढून मुठीत आवळली. तिचा लाडू झाला. “यंत्रानं कधी पेरलंय व्हय? वाफसा उद्या येईल.” मुलीनं हेल्मेट काढलं. “मग उद्याच उडेन.” दुसऱ्या दिवशी जात्यातून पीठ पडावं तशी माती मुठीतून भुरभुरली. मुक्ताबाई वायरलेसवर म्हणाल्या, “ये आता, बिनघोर ये.” विमान टेकलं, घसरलं, धुरळ्यात थांबलं. मुलगी उतरली. “जमलं का, मावशी?” मुक्ताबाईंनी मातीत उमटलेली लांब रेघ न्याहाळली. “नांगराच्या तासालाबी वाक असतो. तुझ्या रेघेला न्हाय. पेरणीला ये.”