फाईलमध्ये काय आहे?

"वर्गात माझ्याशी बोलायचं नाही," दक्षा म्हणाली. "हाक तर मुळीच मारायची नाही."

कविताने मान हलवली. सायवनहून आलेली जीप कासाच्या बाजारात थांबली होती. दक्षा उडी मारून उतरली आणि मागे न बघता शाळेकडे निघाली. ती दिसेनाशी झाल्यावर कविता उतरली.

दहावीच्या वर्गात कविता शेवटच्या बाकावर बसायची. मधली बरीच वर्षं शाळा सुटल्यामुळे तिचं वाचन अडखळत व्हायचं. पहिल्याच आठवड्यात विनोद सरांनी तिला विज्ञानाचा धडा वाचायला लावला. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द काही तिच्या जिभेवर बसेना. मुली तोंडावर हात धरून हसल्या. सगळ्यात मोठ्याने हसली ती दक्षा.

दिवाळीनंतर प्रकल्पाच्या फाईली करायच्या होत्या. सर म्हणाले, "कव्हर असं करा की फाईल उघडावीशी वाटली पाहिजे. चांगल्या फाईली डहाणूच्या प्रदर्शनात जातील."

मुलींनी चमकीचे पेन आणले, स्टिकर आणले. विषय माती असो की दुधातली भेसळ, कव्हरवर वारली चित्रातल्या नाचणाऱ्या माणसांचा तोच फेर. सर एकेक फाईल बघत आणि न उघडताच बाजूला ठेवत.

शितल वैतागली. तिचा विषय होता हायवेवरचे अपघात. कविता वहीच्या कडेला काहीबाही काढत असते, हे तिने पाहिलं होतं. तिने फाईल कवितासमोर टाकली.

"मला कव्हर काढून दे ना."

"फाईलमध्ये काय आहे?"

"ते कशाला? नुसतं कव्हर काढ."

"वाचल्याशिवाय कसं काढू?"

कविता बोट ठेवून ठेवून वाचत बसली. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी तिने फाईल परत दिली. काळा रस्ता, मधोमध पांढरा पट्टा, आणि पट्ट्यावर लहान मुलाची एकच चप्पल. बाकी सगळं कोरं.

शितल ती घेऊन थेट सरांकडे गेली. सरांनी ती फाईल उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचून काढली.

मग रांगच लागली. कविता कुणाला नाही म्हणाली नाही, पण अट तीच. आधी वाचणार, मग काढणार. समजलं नाही तर त्या मुलीलाच विचारणार. साप, माती, भेसळ, दमा, सूर्यमाला असं सगळं तिच्या हाताखालून गेलं. संक्रांतीपर्यंत तिचं बोट ओळीवरून सुटलं. सराव परीक्षेत विज्ञानात ती वर्गात दुसरी आली, तेव्हा मुलींनी बाक वाजवले. दक्षा खिडकीबाहेर बघत राहिली.

तिने एकटीने मात्र कवितापुढे फाईल धरली नाही. तिचा विषय होता डोळा; बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून तिने डोळ्याचा गुळगुळीत रंगीत फोटो छापून आणला.

"तुझी फाईल बघू?" एकदा जीपमध्ये कविताने विचारलं.

"नको."

डहाणूच्या प्रदर्शनात कविताची फाईल होती नाचणीवर. कव्हरवर एक हात होता, आणि त्या हाताला बोटांऐवजी नाचणीची कणसं फुटलेली. लोक त्या टेबलापाशीच थबकत होते.

परीक्षक बाईंनी फाईल उचलली, दोनदा उघडझाप केली, आणि खाली ठेवली.

"हे शाळकरी मुलीचं काम वाटत नाही."

"कविता माझ्याच वर्गात आहे, मॅडम," विनोद सर म्हणाले. "एक दिवस चुकवलेला नाही. हजेरी दाखवतो."

"मग इथेच काढून दाखवू दे."

बाईंनी दुसऱ्या शाळेची एक फाईल पुढे सरकवली. विषय वटवाघूळ. कव्हर कोरंच राहिलं होतं. भोवती गर्दी जमली.

कविता फाईल उघडून वाचायला लागली.

"अहो, वाचायला नाही, काढायला सांगितलंय!" कुणीतरी म्हणालं. लोक हसले. कविताने शेवटचं पान संपवलं, मगच रंगीत खडू उचलला.

चित्र झाल्यावर बाईंनी फाईल हातात घेतली. फांदीवर पंख मिटून ताठ उभं राहिलेलं वटवाघूळ. आणि वर मोठ्या अक्षरात विषयाचं नाव, सगळंच्या सगळं उलटं.

"अगं, नाव उलटं लिहिलंस की!"

"फाईल फिरवा, मॅडम."

बाईंनी फाईल फिरवली. नाव सुलट झालं आणि वटवाघूळ झाडाला लटकलं. बाईंना हसू आवरेना. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. पहिल्या क्रमांकाला कविताचं नाव पुकारलं तेव्हा कासाच्या मुली खुर्च्यांवर चढून ओरडत होत्या. सगळ्यांच्या पुढे शितल.

बक्षीस देऊन झाल्यावर फोटोवाला पुढे आला. बाईंनी माईकवरून विचारलं, "घरचं कुणी आलंय का? बोलवा त्यांनाही फोटोला."

विनोद सरांनी काही सांगायला तोंड उघडलं. कविताने त्यांना नजरेनेच थांबवलं.

"कोणी नाही आलं," ती म्हणाली.

फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात मागच्या रांगेतून दक्षा उठली. ढकलत, धडपडत ती थेट स्टेजवर गेली, कविताचा हात तिने घट्ट धरला, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"मी आलेय ना. मी तिची मुलगी."