हंडीतली घंटा

"ऐकू येतेय?" विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

"हो सर!" सातवीचा अख्खा वर्ग ओरडला.

काचेच्या हंडीत टांगलेली विजेची घंटा कान किटतील अशी वाजत होती. सरांनी तिचा हातोडा हलताना पाहिला, मुलांनी तोंडं उघडून म्हटलेलं "हो" पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. ऐकलं मात्र दोन्हींतलं काहीच नाही.

गेल्या दोन वर्षांत त्यांचे कान हळूहळू पार गेले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी त्यांची आपली समजूत. माणूस समोर असला की ते ओठांवरून ओळखत. ओळखता आलं नाही की हसून मान डोलवत. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, पाणी पिऊन येऊ?" सर म्हणाले, "उत्तम प्रश्न! उद्या सविस्तर बघू." तो बिचारा मधल्या सुट्टीपर्यंत घसा कोरडा घेऊन बसला. त्या दिवशी मुलांनी आपसांत ठरवून टाकलं. सरांना काही विचारायचं तर उभं राहायचं, त्यांच्याकडे तोंड करायचं आणि सावकाश बोलायचं. सरांना वाटलं, यंदाची सातवी मोठी शिस्तीची आहे.

आज शेवटच्या बाकावर तपासणीला आलेल्या बाई बसल्या होत्या. सरांना ऐकू येत नाही, अशी कुणा पालकाची तक्रार वर गेली होती. ती खरी ठरली तर सरांचा वर्ग काढून घेणार आणि त्यांना जुन्या पुस्तकांच्या खोलीत बसवणार, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षं शिकवलेला माणूस गठ्ठ्यांवरची धूळ झटकत बसणार. म्हणून तर सरांनी आज आपला हुकमी प्रयोग काढला होता. त्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

सकाळी प्रयोगशाळेचा शिपाई जिना चढताना त्यांना म्हणालाही होता, "सर, हंडीखालचं रबर चिरलंय. हवा आत शिरते. आज तेवढा प्रयोग नको." तो पुढे होता आणि सर मागे, त्यामुळे सरांना दिसली ती फक्त त्याची पाठ. "हो हो," सर हसून म्हणाले, "सगळं मांडून ठेवा." शिपायाला वाटलं, सरांनी काहीतरी तोड काढली असणार. त्याने मांडून ठेवलं.

"आता बघा," सर म्हणाले. "हंडीतली हवा मी काढून घेणार. हातोडा हलताना दिसेल. पण आवाज? आवाजाला यायला वाटच उरणार नाही."

ते पंप मारू लागले. पूर्वी ते आवाज विझेपर्यंत मारत. आता मोजून साठ. साठाव्याला आवाज मरतो, हे त्यांना पाठ होतं.

साठ झाले. सरांनी पंप सोडला, कपाळ पुसलं आणि एक बोट वर केलं.

"ऐका. येतोय का आवाज?"

घंटा खणखणत होती. पहिल्यासारखीच.

दारात उभ्या असलेल्या शिपायाने दोन्ही हात हलवले. बाईंची मान तिकडे वळली, तसे त्याने ते पाठीमागे नेले. मुलं एकमेकांकडे बघू लागली. खरं बोलावं तर समोर सर, खोटं बोलावं तर मागे बाई. बारा-तेरा वर्षांच्या पोरांवर ही काय वेळ यावी!

पहिल्या बाकावरची मॉनिटर उभी राहिली. तिने सरांकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणाली, "नाही सर. थांबला."

"सगळ्यांना?"

"थांबला, सर," सगळे म्हणाले. इतकं हळू, की घंटेच्या आवाजात ते मागच्या बाकापर्यंत पोचलंसुद्धा नसेल.

सरांचा चेहरा उजळला. "शाब्बास!" ते म्हणाले, आणि एखाद्या मुलाच्या पाठीवर द्यावी तशी त्यांनी हंडीवर थाप दिली.

हात तिथेच राहिला.

काच थरथरत होती. तळव्याला स्पष्ट कळत होतं. हवा नसती तर काच अशी थरथरली नसती, हे दुसऱ्या कुणी त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. सगळ्या माना खाली. एकटी मॉनिटर त्यांच्याकडे बघत अजून उभी होती, डोळे भरलेले आणि ओठ घट्ट मिटलेले. यंदाची सातवी इतकी शिस्तीची का आहे, ते सरांना त्या क्षणी समजलं. त्यांना फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या पोरांची माया आली.

मागे बाईंनी तपासणीचा कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं. मग कागदावरची नजर न उचलताच त्यांनी विचारलं, "सर, मी इथे काय लिहू, तुम्हीच सांगा."

सरांना त्यांच्या डोक्यावरचा भांग तेवढा दिसला. पण सगळ्या वर्गाने माना वर करून आपल्याकडे पाहिलंय, म्हणजे आपल्याला काहीतरी विचारलं गेलंय, एवढं त्यांनी ओळखलं. हंडीवरचा हात न काढता ते हसले.

"उत्तम प्रश्न," ते म्हणाले. "उद्या सविस्तर बघू."