डावीकडची सीट

"गाडी मी चालवून बघतो, तुम्ही बाजूला बसा," मिस्त्री म्हणाला. तीस वर्षांत नानासाहेब स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच डावीकडे, बायकोच्या जागेवर बसले.

घाट लागताच त्यांचे पाय पोळू लागले.

"हीटरचा कॉक उघडाच अडकलाय, आणि इंजिनामागचा पत्रा या बाजूला पार सडलाय. जुनं दुखणं दिसतंय," मिस्त्री म्हणाला.

"पाय भाजतात हो," म्हणत बायको दर घाटात पाय वर घेऊन बसायची. "तुझं आपलं काहीतरीच! खाली सोड, सीट मळेल," ते खेकसायचे. ती मुकाट्याने पाय खाली सोडायची.

दिवाळीआधी ती गेली.

"पाय वर घ्या की, नाना. सीटचं काय एवढं!" मिस्त्री म्हणाला.

नानासाहेबांनी चपला काढल्या आणि घाट संपेपर्यंत अनवाणी पाय खालीच ठेवले.