उजेडाची फट

"बाबा, तुम्ही कधी टूल धडकवून मशीन बंद पाडलंय का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून केतकीने बाबांच्या कारखान्यात, सहलीला आलेल्या साऱ्या वर्गासमोर विचारलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिचा अंगठा लाल बटणावर ठेवला. "इम्पेलरसाठी, म्हणजे पंपाच्या पातेदार चाकासाठी, धातूचा हा एकच ठोकळा आलाय. मी कापणाऱ्या टूलचं टोक बघतो, तू टूल पकडणारा होल्डर आणि पात्याच्या मधली उजेडाची फट बघ. मिटायला लागली की दाब."

काचेमागे ठोकळा बसवलेलं मशीनचं टेबल कलंडलं, फिरलं. वळणदार पात्यांच्या मधे टूल शिरलं. फट दोऱ्याएवढी झाली. उगाच दाबलं तर सगळ्या हसतील. नाही दाबलं, तर बाबा सगळ्यांदेखत... फट केसाएवढी उरली. तिने बटण दाबलं.

मशीन थांबलं. मागून फिसकन हसू आलं, "घाबरली गं घाबरली!"

बाबांनी दार उघडून टॉर्च मारला आणि त्यांचा चेहराच उतरला. "टूल मीच आखूड बांधलं होतं. अजून जरा आत गेलं असतं, तर होल्डर आदळून पातंच गेलं असतं."

घरी जेवताना आईने विचारलं, "मैत्रिणी हसल्या म्हणे गं?"

"हसू देत. आई, बाबा, दहावीनंतर मी हेच मशीन शिकणार."