एकोणीस फाटकं

"हे पाटी खोटी हाये," भैय्यालाल खोब्रागडे म्हणाले.

चार दिवसांत चौथ्यांदा.

प्रदर्शन समितीच्या अभिनवनं मान वर केली नाही. त्याला वेळ नव्हता. आज उद्घाटन होतं. रायपूरहून अभनपूरकडे जाणारी, आता उखडून टाकलेली नॅरोगेजची छोटी लाइन मैदानात पुन्हा मांडली होती. एक इंजिन, साठ फूट रूळ. रूळ ओलांडून मंडपाकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर अभनपूरजवळून उचलून आणलेलं एक खरं फाटक. ताजा पांढरा रंग. शेजारी पाटी.

मार्ग के सभी उन्नीस फाटक मानवरहित थे।

"काका, रेकॉर्डमध्ये तसंच आहे. एकाही फाटकावर माणसाची नेमणूक नव्हती."

"फाटकावर नव्हती. गाडीवर होती ना, भैया! मी गाडीसंगं जायचो."

"मग ते सिद्ध करा."

पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, अर्ज द्या. दुसऱ्या दिवशी, असा अर्ज चालत नाही, आमचा फॉर्म भरा. तिसऱ्या दिवशी, फॉर्म अर्धवट आहे. नेमणुकीचं ठिकाण: ________. भैय्यालालांनी तिथं काय लिहायचं? ते ठिकाण ताशी वीस किलोमीटरनं पळत होतं.

फाटकाच्या आधी गाडी थांबायची. भैय्यालाल खाली उडी मारायचे. पुढे धावायचे. फाटक लावून रस्त्यावर लाल झेंडी धरायचे. गाडी पार व्हायची, पण पलीकडे थांबायची नाही, सरकत राहायची. तेवढ्यात फाटक उघडायचं आणि शेवटच्या डब्यामागे धावून दांडा पकडायचा. बसायचं नाही. पुढचं फाटक आलं.

उडी. धाव. लाव. उघड. धाव.

जाताना एकोणीस. येताना एकोणीस. एकतीस वर्षं.

एकदा दांडा हातातून निसटला. गाडी गेली. रुळांवरून चालत ते अभनपूरला पोचले, तेव्हा स्टेशनमास्तरांनी सांगितलं, पोट्टा झाला तुला, सकाळीच झाला. सेवापुस्तिकेत मात्र हुद्दा 'पोर्टर'. आणि त्या एकोणीस फाटकांवर एकतीस वर्षांत एक बकरीसुद्धा मेली नाही. मेली असती तर चौकशी झाली असती. चौकशीच्या कागदावर त्यांचं नाव आलं असतं.

"आबाजी, चलो ना," दारातून दीक्षा म्हणाली. "धूप हो रही है."

त्या पोट्ट्याची ही पोट्टी. कॉलेजात जाते. रायपूरजवळच्या उरला गावाहून आपल्या स्कूटीवर चारही दिवस तिनंच त्यांना आणलं. लहानपणी ती त्यांच्याकडून रोज फाटकं ऐकायची, नावानिशी, क्रमानं. पहिल्या दिवशी तिनं पाटी वाचली. दोनदा वाचली. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली होती,

"मतलब, आप थे ही नहीं?"

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं.

"अभिनव भैया," भैय्यालाल आता टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "एक ओळ लिवून द्या. नाव नका टाकू माझं. 'माणूस होता', एवढंच लिवा."

"काका, पाटी छापून लागलीय. पाहुणे पाच मिनिटांत पोचतायत. आता मले बक्षा बरं." घाईत त्याच्या तोंडून घरची बोली निसटली. तो मंडपाकडे पळाला.

भैय्यालाल बाहेर आले. उन्हात फाटकाजवळ उभे राहिले. फाटक सताड उघडं होतं. खांबाला शोभेची लाल झेंडी बांधलेली होती. ती त्यांनी सोडली.

"आबाजी?" दीक्षा म्हणाली.

त्यांनी फाटकाचं एक कवाड ओढलं. मग दुसरं. कडी खाली दाबून डावीकडे पिळली आणि वर उचलून अडकवली. हाताला सांगावं लागलं नाही. मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी झेंडी धरली.

तीन गाड्या समोर येऊन थांबल्या. मधली पांढरी, काळ्या काचांची. हॉर्न वाजला. परत वाजला. मागे बँडवाल्यांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

अभिनव धापा टाकत फाटकाच्या आतल्या बाजूला आला. "काका! हे काय करून राहिले? उघडा!"

भैय्यालालांनी मागे वळून पाहिलं नाही.

"काका, तुमालेच म्हणून राहिलो मी! कोणती गाडी येऊन राहिली इथं?"

"मले काहून म्हणता?" भैय्यालाल म्हणाले. "इथं तर कोणीच नाही. तुमीच लिवलं ना."

अभिनवनं स्वतः कडी ओढली. उजवीकडे पिळली, वर ढकलली, खाली आपटली. कडी हलली नाही. त्याच्या नव्या कुर्त्याच्या बाहीला पांढरा रंग लागला. दीक्षा फाटकाजवळ आली, पण तिनं कडीला हात लावला नाही. आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

अभिनवच्या खिशात फोन वाजला. पांढऱ्या गाडीतून आलेला. आतला आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. रास्ता किसने बंद किया? फाटक कोई खोलता क्यों नहीं?

अभिनवनं पाटीकडे पाहिलं. मग झेंडीकडे. घाम पुसला.

"सर, दो मिनट," तो फोनमध्ये म्हणाला. "फाटक पर आदमी है. वही खोलेगा."