क्रुसाच्या सणाचा जाळ

"आधी खालच्या आळीला जाळ विझवायला सांगा, मग आम्ही विझवू!" वरच्या आळीचा म्हातारा जिर्जिस लष्कराच्या कप्तानावर खेकसला.

क्रुसाच्या सणाला दोन्ही आळ्यांनी आपापल्या टेकडीवर जाळ करायचा आणि कुणाचा मोठा यावरून वर्षभर भांडायचं, ही गावाची दीड हजार वर्षांची रीत. यंदा सरहद्दीपलीकडून तोफा रोखलेल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

कप्तान खालच्या आळीत पोचेपर्यंत पहिला गोळा आलाच. सगळं गाव चर्चच्या तळघरात घुसलं.

जिर्जिसच्या बायकोनं झरोक्यातून पाहिलं आणि हंबरडा फोडला. "अहो, आपली ऑलिव्हची बाग पेटली! अख्खी टेकडी जळतेय!"

जिर्जिस टाचा उंचावून बराच वेळ बघत राहिला. मग खालच्या आळीच्या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, "ये, बघ लेका. आता बोल, कुणाचा मोठा?"